इंजिन बदला, पण जुनं भंगारात घालू नका

गेल्या महिन्यात सकाळी सातला भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन इंजिन बसलं. मिस्त्री विचारतोय जुन्याचं काय करायचं, भंगारवाला दारातच उभा आहे. ठेवू का देऊ?" मी दात घासत होतो. तोंड न धुताच ओरडलो, "ठेव! हात लावू देऊ नको त्याला!"

नंतर त्याला नीट कारण सांगायला बसलो तेव्हा वाटलं, हे एकट्या भाच्याला सांगून भागणार नाही. कागल, गडहिंग्लज, राधानगरी, पन्हाळा, कुठंही जा, एखाद्या गोठ्याच्या कडेला नाहीतर ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीमागं एक जुनी जीप उभी असतेच. आणि सध्या पोरांना जुन्या जीपा बाहेर काढायचा नाद लागलाय. चांगला नाद आहे. पण दर वेळी मिस्त्री तोच प्रश्न विचारतो आणि दहातले नऊ जण म्हणतात, देऊन टाका. त्या नऊ जणांसाठी ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आधी माझं पाप सांगतो.

आमचे अण्णा गुळाचे अडते. शाहूपुरीत दुकान, आणि हंगामात रोज चार-पाच गुऱ्हाळं पालथी घालायची. १९७१ साली त्यांनी महिंद्राची पेट्रोल जीप घेतली, उंच बॉनेटची. थंडीत सकाळी हँडल मारून चालू करायला लागायची. हँडल मारायचं काम माझं, कारण अण्णांनी एकदा मनगटावर उलटा फटका खाल्ला होता. त्या जीपमध्ये गुळाचा वास इतका मुरला होता की सीटचं कापड दोनदा बदललं तरी वास गेला नाही.

१९९४ ला कारभार माझ्याकडं आला. पेट्रोल तेव्हा डिझेलच्या दुपटीहून महाग. आमची जीप लिटरला सात-आठ किलोमीटरच्या वर जायची नाही. उद्यमनगरात एका मिस्त्रीनं सांगितलं, मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे, बसवून देतो, तीन वर्षांत पैसे वसूल. हिशोब चुकीचा नव्हता. मी बसवलं. रीतसर अर्ज केला, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला, इंधनाच्या रकान्यात पेट्रोलचं डिझेल झालं. आणि जुनं इंजिन, कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, सगळं मिळून दोनशे किलोच्या आसपास भरलं, ते मी अकराशे रुपयांना विकलं. अण्णा ओट्यावर बसले होते. काही बोलले नाहीत. हातगाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत बघत बसले होते एवढं मला आठवतंय. ते इंजिन शिरोलीच्या कुठल्यातरी फाउंड्रीत वितळलं असणार. कोण जाणे, आज त्याचंच झाकण होऊन एखाद्या गटारावर बसलं असेल आणि मी रोज त्यावरून जात असेन.

आता त्या इंजिनात असं काय होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मिस्त्रीलाही नव्हतं. सांगतो.

या जीपचं मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीचं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं इंजिन बुटकं होतं, त्याचे सगळे व्हॉल्व ब्लॉकमध्ये बाजूला. पुढं विलीजनं त्याची ताकद वाढवायला हवा आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. हेच ते हरिकेन इंजिन, २१९९ सीसी, चार सिलिंडर. पण व्हॉल्व वर गेल्यामुळं इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग विलीजनं काय केलं? बॉनेटच उंच केलं. १९५३ साली ती सीजे-३बी म्हणून बाजारात आली. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ ला थांबलं, आपल्याकडं महिंद्रानं ते पुढं बरीच वर्षं चालू ठेवलं. म्हणजे आपण ज्याला "उंच बॉनेटची जीप" म्हणून ओळखतो, सिनेमात फौजदाराची, गावात चेअरमनची, ती उंची कुणा चित्रकारानं काढलेली नाही. ती त्या इंजिनाच्या मापाची आहे. शिंप्यानं माप घेऊन सदरा शिवावा तशी.

इंजिन काढलं की सदरा राहतो, माणूस जातो. माझ्या जीपचं आता तसंच झालंय. बॉनेट उघडलं की आत डिझेल इंजिन वाकडं बसलंय, फायरवॉलला हातोड्यानं पाडलेला खळगा आहे, आणि उंचीला काही कारण उरलेलं नाही.

हे झालं भावनेचं. आता कायद्याचं बघा, कारण काही लोकांना भावनेपेक्षा कागद लवकर समजतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंद होणाऱ्या गाडीच्या नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुढं नूतनीकरणाला ५ हजार, मुदत दहा वर्षं. राज्यानं त्यासाठी नोडल अधिकारी नेमायचा आणि समितीनं गाडी तपासायची.

आता गंमत बघा. अण्णांची जीप १९७१ ची. म्हणजे तिची पन्नाशी भरली २०२१ ला, नियम आला त्याच वर्षी. मी आनंदानं कागद घेऊन विचारायला गेलो. समोरचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. आरसी बघितली आणि म्हणाला, "काका, गाडी पेट्रोलची आली होती ना? मग मूळ इंजिन कुठाय?" मी म्हटलं, विकलं. त्यानं फाइल मिटून माझ्याकडं सरकवली. त्याचं काही चुकलं नाही. अकराशे रुपयांत मी काय विकलं होतं ते मला सत्तावीस वर्षांनी कळलं.

एक गोष्ट मात्र सरळ सांगितली पाहिजे, नाहीतर कोणीतरी उत्साहात उद्या अर्ज करेल. विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, भाड्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे ज्याला जीपनं शेतावर जायचंय, पोरं शाळेत सोडायचीत, त्याला आज त्या नोंदणीचा उपयोग नाही. भाच्यालाही नाही. त्याच्या आजोबांची जीप १९७४ ची, पन्नाशी ओलांडलेली, पण त्याला ती चालवायचीय. त्यानं बोलेरोचं इंजिन बसवलं, आरटीओची आधी परवानगी काढून. मी त्याला एका शब्दानं अडवलं नाही. डोंगरातल्या शेताला रोज पेट्रोल जीप परवडत नाही, आणि जी गाडी परवडत नाही ती शेवटी झाडाखाली उभी राहते आणि तिथंच कुजते. न चालणाऱ्या मूळ गाडीपेक्षा चालणारी बदललेली गाडी बरी, या मताचा मी आहे. शुद्धतावाल्यांनी माझ्यावर खुशाल रागवावं.

पण इंजिन बदलणं आणि जुनं विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच दिवशी, एकाच मिस्त्रीच्या सल्ल्यानं करतो, हे माझं दुखणं आहे. पहिली गोष्ट आजच्या गरजेची. दुसरीला काही गरजच नसते. भंगारचा भाव पोत्याच्या हिशोबानं येतो, एका सणाच्या खरेदीलासुद्धा पुरत नाही. आणि भाचा आज पस्तिशीत आहे. दहा वर्षांनी त्याच्याकडं दुसरी गाडी असेल, ही जीप नुसती हौसेची होईल, तेव्हा त्याला वाटलं की मूळ इंजिन परत घालावं तर? किंवा त्याच्या मुलीला वाटलं तर? तो दरवाजा आज बंद करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जीप आजोबांनी घेतली, बापानं वापरली, आता ती तुझ्याकडं आहे एवढंच.

जुन्या गाड्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा नावाची. तिनं २०१२ साली ट्युरिन सनद म्हणून एक मसुदा मान्य केला. त्यात म्हटलंय की बदल करावेच लागले तर शक्यतो परत फिरवता येतील असे करा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपा, पुढं परत बसवायला आणि मूळ काय होतं ते कळायला. युरोपातल्या शहाण्या माणसांना बैठका घेऊन जे लिहावं लागलं ते आपल्या आज्ज्या पितळेच्या भांड्यांच्या बाबतीत कायमच करत आल्यात. स्टील आलं म्हणून पितळ माळ्यावर गेलं, मोडीत नाही. (ज्यांनी मोडीत घातलं ते आज जुन्या बाजारात तिप्पट भावानं तोच तांब्या विकत घेतायत, ते असू दे.)

यातला "परत फिरवता येतील" हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि मिस्त्री लोक नेमका तोच पाळत नाहीत. नवीन इंजिन बसत नाही म्हटलं की गॅस कटर काढतात आणि चासीवरचे मूळ इंजिन माउंटिंग उडवतात. फायरवॉल कापतात. मग मालकानं जुनं इंजिन जपलं तरी ते बसवणार कशावर? म्हणून गाडी मिस्त्रीकडं सोडतानाच बजावायचं: कापायचं नाही. नव्या इंजिनाला वेगळी ब्रॅकेट बनव, नटबोल्टवर बसव, गिअरबॉक्सशी जोडायला मधली प्लेट बनव. उद्यमनगरात लेथवर हे काम करणारे हात आजही आहेत, पाण्यावरची इंजिनं याच गल्ल्यांनी बनवलीत. दोन दिवस जास्त लागतील, थोडे पैसे जास्त जातील. द्या. भाच्याचा मिस्त्री आधी कुरकुरला, "दादा, एवढं कोण बघतंय?" मग त्यालाच ईर्षा चढली आणि त्यानं इतकं सुंदर ब्रॅकेट बनवलं की आता तो गिऱ्हाइकांना बॉनेट उघडून दाखवतो.

आता ठेवायचं काय? सगळं नाही. रबरी पाइप, बेल्ट, गॅस्केट, झिजलेली क्लच प्लेट, सडका सायलेन्सर, हे खुशाल टाका. ते खायचेच भाग असतात. ठेवायचा तो ब्लॉक, कारण नंबर त्याच्यावर आहे. हरिकेनमध्ये तो पुढच्या बाजूला पाण्याच्या पंपामागं ठोकलेला असतो. ग्रीस पुसून, पेन्सिल घासून कागदावर उतरवून घ्या, आरटीओत चासी नंबरचा घेतात तसा. त्यावर बसणारं हेड. कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, एअर क्लीनरचा डबा, पेट्रोल पंप, मॅनिफोल्ड, रेडिएटर बदलला असेल तर मूळ रेडिएटर. आणि बारकं सामान! बोल्ट, क्लिपा, वॉशर. मोठं इंजिन पुन्हा एखाद्या वेळी मिळेल, पण त्याचा लिंकेजचा रॉड आणि वाकडी क्लिप मिळणार नाही. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत घालून प्रत्येकीत चिठ्ठी टाका, कुठला बोल्ट कुठला. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, भरपूर.

आणि ठेवायचं म्हणजे कोपऱ्यात ढकलायचं नव्हे. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे ना? जमिनीवर ठेवलेलं इंजिन दोन पावसाळ्यांत जाम होतं, मग ते ठेवलं काय अन् विकलं काय. पाणी पूर्ण काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, हातानं फिरवा, प्लग परत लावा. कार्बोरेटरचं आणि मॅनिफोल्डचं तोंड कापडानं बांधा, नाहीतर उंदीर घर करतात. लाकडी फळ्यांवर उचलून ठेवा. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून ताडपत्री, खालून हवा. दर दोन महिन्यांनी हँडल घालून दोन-चार वेढे फिरवा. एवढंच. वर्षाला एखाद्या तासाचं काम.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं मला माहीत आहे, ठेवायचं कुठं? सोसायटीत गाडी लावायला जागा नाही आणि तुम्ही इंजिन ठेवायला सांगताय. मान्य. गावाकडं पाठवा, मित्राच्या शेडमध्ये ठेवा, पण लिहून ठेवा की ते तुमचं आहे. माझ्या ओळखीत एकानं असंच मित्राकडं ठेवलं, मित्र वारला, मुलांनी शेड साफ केली. कागद नव्हता. आणि गाडी विकाल तेव्हा ते इंजिन गाडीबरोबर जाऊ द्या, विक्रीच्या कागदावर नंबरासकट नोंद करून. इंजिन एकीकडं आणि जीप दुसरीकडं गेली की दोन्ही अनाथ होतात.

आता सरकारकडं वळतो, कारण सगळा भार लोकांवर टाकून चालणार नाही.

२०२१ चा नियम चांगला आहे, पण त्याला दोनच रंग दिसतात, मूळ आणि बदललेली. मधल्या माणसाला त्यात जागा नाही. ज्यानं परवानगी घेऊन इंजिन बदललं, काही न कापता, आणि मूळ इंजिन जपून ठेवलं, त्याची कुठंतरी नोंद व्हायला पाहिजे. आरसीत इंजिन बदलाची नोंद करताना एक ओळ वाढवा: मूळ इंजिन क्रमांक अमुक, मालकाकडं जपलेले. उद्या तेच इंजिन परत बसवलं आणि नंबर जुळला तर गाडी मूळ रूपात आली असं समितीनं मानावं, हे नियमात स्पष्ट लिहा. याला खजिन्यातून एक रुपया लागत नाही. उलट आज इंजिन बदलायला आलेल्या माणसाला खिडकीवरच कळेल की जुनं विकायचं नसतं. मला १९९४ ला कुणी सांगितलं असतं तर? ऐकलं असतं का? माहीत नाही. पण सांगितलं तर पाहिजे होतं.

दुसरं, सरकारच्या स्वतःच्या गाड्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालू ठेवता येत नाही, त्या मोडीत काढायच्या. धूर ओकणाऱ्या गाड्या जाऊ देत, माझं भांडण नाही. पण पंचायत समितीच्या, पाटबंधारे खात्याच्या आवारात अजून जुनी जीप पडलेली असते. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर अधिकारी गेले ते असल्याच जीपमधून. लसीच्या पेट्या, मतपेट्या, तगाईची कागदं, सगळं तिच्यातूनच फिरलं. आपल्या कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक गाडी आपण जपली, दसऱ्याला ती चौकात येते तेव्हा लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. मीही दाखवली. मग ज्या गाडीतून सरकार पहिल्यांदा वाडीवस्तीवर पोचलं तिची एक तरी मूळ प्रत, मूळ इंजिनासकट, प्रत्येक जिल्ह्यानं ठेवायला काय हरकत आहे? आयटीआयला द्या. मोटार मेकॅनिकच्या पोरांना कार्बोरेटर आता चित्रातच बघायला मिळतो. एक हरिकेन उघडून परत जोडायला लावा, वर व्हॉल्व आणि बाजूला व्हॉल्व एकाच इंजिनात दिसतील. ज्यांच्याकडं जागा नाही अशा लोकांची इंजिनंही आयटीआयनं लेखी करारावर सांभाळावीत, शिकण्यासाठी वापरावीत. जिल्हा परिषदेतले आणि तंत्रशिक्षणातले जे मित्र ही पोस्ट वाचतायत, त्यांनी यावर निदान एक टिपण तरी फिरवावं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी एक हरिकेन ब्लॉक शोधतोय. नंबर माझ्या गाडीचा नसेल, म्हणजे कागदावर काही फरक पडणार नाही, पण त्या बॉनेटखाली त्याच्या मापाचं काहीतरी असावं असं वाटतं. कुणाच्या शेडमध्ये असेल तर कळवा. विकायला नको म्हणाल तर आणखी आनंद होईल.

भाच्याचं इंजिन सध्या गोठ्यात आहे, दोन फळ्यांवर, म्हशीच्या शेजारी. ताई रोज तक्रार करते की वैरण ठेवायला जागा राहिली नाही. दर दोन महिन्यांनी हँडल फिरवायची आठवण म्हणून मी मोबाइलमध्ये गजर लावलाय. त्याच्या नाही, माझ्या मोबाइलमध्ये.